अंधेरीतले अठरा गोल

दुपारी तीनच्या सुमारास घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रोत बसायला चक्क जागा मिळते. संध्याकाळी याच फलाटावर आपण चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. मला अंधेरीच्या क्रीडा संकुलात जायचं होतं आणि तेही सामना नसलेल्या दिवशी. घरच्यांनी विचारलं, "मग बघणार काय?" प्रश्न बरोबर होता.

ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. साडेअकरा किलोमीटरच्या आसपासचा मार्ग, बारा स्थानकं. तिच्याआधी घाटकोपरहून अंधेरीला जाणं हा अर्ध्या दिवसाचा बेत असायचा, एकतर बस धरायची नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलायची. मुंबईच्या लोकल गाड्या उत्तर-दक्षिण धावतात, पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला जायचं असेल तर त्याचं तो बघून घेईल, असा एकंदर कारभार. तरी १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत एक रेल्वे सुरू झाली होती. १९३४ साली ती गुंडाळली गेली आणि त्यानंतर ऐंशी वर्षं उपनगरांनी ही आडवी वाट रस्त्यानेच तुडवली. असल्फा, साकीनाका, मरोळ करत गाडी निघते. द्रुतगती महामार्ग तारांच्या पुलावरून ओलांडते, पश्चिम रेल्वेचे रूळ पोलादी पुलावरून. वीसेक मिनिटांत आझाद नगर.

इथून वीरा देसाई रोड जवळच. हा सगळा भाग म्हाडाच्या वसाहतींचा. आझाद नगर, दादाभाई नौरोजी नगर. जुन्या चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहण्याचं काम अखंड चालू आहे. या बांधकामांच्या आड गेलेला गिल्बर्ट हिल, साडेसहा कोटी वर्षांचा बेसॉल्टचा सुळका, आता शोधावाच लागतो. माथ्यावर गावदेवी आहे म्हणून तो वाचला, असं मला नेहमी वाटतं.

संकुलाचं पूर्ण नाव शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल. ते महापालिकेचं आहे. तरणतलाव, बॅडमिंटन आणि मधोमध फुटबॉलचं मैदान, जे आता 'मुंबई फुटबॉल अरिना' या नावाने ओळखलं जातं. २०१६ पासून मुंबई सिटी एफसीचं हे घरचं मैदान. फाटकावरचे सुरक्षारक्षक कोकणातले निघाले. "ताई, आज मॅच नाय." म्हटलं, ठाऊक आहे, नुसतं बघायला आले. ते हसले आणि स्वतःहूनच म्हणाले, "मायकल जॅक्सन आलेला ना इथं!" १ नोव्हेंबर १९९६. शिव उद्योग सेनेसाठी राज ठाकरेंनी आणलेला तो कार्यक्रम. अंधेरीत त्या वयाचा कुणीही भेटला की तो त्या रात्री तिथे होता, निदान भिंतीबाहेर तरी. मी विचारलं, "आणि सॅम कर?" त्यांनी मान हलवली. नाव ऐकलं नव्हतं. दोष त्यांचा नाही. ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू इथे खेळली तेव्हा आत कुणालाच सोडत नव्हते.

या मैदानाचं आणि प्रेक्षकांचं नातं तसं विचित्रच आहे. सात-आठ हजारांचं छोटेखानी मैदान, पण तेही भरायला विनवणी करावी लागली. १ जून २०१८ रोजी भारताने चायनीज तैपेईला इथे ५-० हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि ते पाहायला माणसं होती २,५६९. छेत्रीने मग एक चित्रफीत टाकली. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, असा तिचा सूर होता. तैपेईच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिकिटं संपली, पाऊस धो धो कोसळला आणि तरी मैदान भरलं. मुंबईकर बोलावल्याशिवाय जात नाही, बोलावल्यावर मात्र छत्री घेऊन जातो.

२१ जानेवारी २०२२ ला बोलावणंच नव्हतं. महिला आशिया चषकाचे सामने अंधेरी, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत होते आणि करोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे सगळी मैदानं रिकामी ठेवली होती. अंधेरीत ऑस्ट्रेलियाचा संघ इंडोनेशियाविरुद्ध उतरला. निकाल १८-०. त्यातले पाच गोल कर्णधार सॅम करचे. त्या पाच गोलांनी तिने पुरुष संघाच्या टिम केहिलचा पन्नास आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम मागे टाकला आणि ऑस्ट्रेलियाकडून सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली. पुरुष धरून, स्त्रिया धरून. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला एवढा मोठा क्षण वीरा देसाई रोडवर घडला आणि समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. इंडोनेशियाच्या मुलींसाठी मला वाईट वाटतं, पण रिकाम्या स्टँडची त्यांना बहुधा मदतच झाली असेल.

आता गंमत अशी की सॅमला हा खेळ मुळात खेळायचाच नव्हता.

तिचे वडील रॉजर कर कोलकात्यात जन्मलेले. त्यांची आई भारतीय. कुटुंब ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थला गेलं. पर्थचं बंदर म्हणजे फ्रीमँटल. तिथला ईस्ट फ्रीमँटल फुटबॉल क्लब १८९८ सालचा, निळ्या-पांढऱ्या रंगांचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सर्वाधिक विजेतेपदं त्याच्याच नावावर आहेत. रॉजर या क्लबकडून खेळले. मात्र तिथे फुटबॉल म्हणजे आपला गोल चेंडूचा खेळ नव्हे, तर ऑस्ट्रेलियन रूल्स.

बॉक्सिंग डे कसोटीसाठी पहाटे गजर लावून उठणाऱ्या मराठी माणसाला मेलबर्न क्रिकेट ग्राउंड परकं नाही. हिवाळ्यात त्याच लंबगोल मैदानावर हा खेळ चालतो. त्याची सुरुवातच क्रिकेटपटूंची आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात खेळाडूंनी तंदुरुस्त राहावं म्हणून फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. चेंडूही लंबगोल. तो लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोकून साथीदाराला द्यायचा, फेकायचा नाही. घेऊन पळत असाल तर दर पंधरा मीटरला जमिनीवर आपटायचा. टोकाला चार खांब. मधल्या दोहोंतून लाथेने पाठवला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. ऑफसाइड नाही. लांबून आलेला चेंडू हवेत पकडला तर विनाअडथळा फटका मिळतो, म्हणून खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर, खांद्यावर गुडघा टेकून वर चढतात. घाटकोपरच्या दहीहंडीत वरच्या थराचा गोविंदा चढतो तसे, फक्त खालचा माणूस राजी नसतो.

सॅमचा जन्म ईस्ट फ्रीमँटलचा, १९९३ सालचा. घरात हाच खेळ. थोरला भाऊ डॅनियल वेस्ट कोस्ट ईगल्स या मोठ्या क्लबचा खेळाडू. ती मुलांच्या संघात खेळायची आणि चांगली खेळायची. पण वयाच्या बाराव्या वर्षी ते थांबलं. मुलं अंगाने थोराड होत होती, ती मार खाऊन घरी येत होती आणि तिच्या वयाच्या मुलींना पुढे जायला वाटच नव्हती. म्हणून ती गोल चेंडूकडे वळली. सुरुवातीला तिला तो खेळ आवडलाही नाही. ३० सप्टेंबर २००६ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर डॅनियलच्या संघाने सिडनीला एका गुणाने, ८५-८४ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सॅमला तेव्हा तेरा वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. तिच्यासाठी त्या मैदानात कुठलीच जागा नव्हती. पंधराव्या वर्षी ती दुसऱ्या फुटबॉलमध्ये देशाकडून खेळली.

मुलींना हा खेळ झेपत नव्हता असं म्हणावं, तर इतिहास आड येतो. १९१५ साली, पुरुष महायुद्धावर गेलेले असताना, पर्थमध्येच फॉय अँड गिब्सन या मोठ्या दुकानातल्या कर्मचारी मुलींनी सामने खेळले. ऑस्ट्रेलियन रूल्समधले स्त्रियांचे नोंद झालेले सर्वांत जुने सामने म्हणून त्यांचीच नावं घेतली जातात. व्हिक्टोरियात १९८१ साली बायकांची स्वतंत्र लीग उभी राहिली. स्वतःच्या पैशाने, मिळतील त्या मैदानांवर. मोठ्या क्लबांच्या रंगांत मुलींची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१७ साल उजाडलं. फ्रीमँटल डॉकर्स हा १९९४ सालचा राष्ट्रीय क्लब. त्याचा महिला संघ पहिल्या आठ संघांत होता. ईस्ट फ्रीमँटल ज्या लीगमध्ये खेळतो, तिची महिला स्पर्धा २०१९ साली आली. तोवर सॅम पंचविशीत होती आणि जगातल्या उत्तम स्ट्रायकरांत तिची गणना होत होती.

राष्ट्रीय महिला लीगचा पहिला सामना ३ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नमध्ये झाला, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड. प्रवेश फुकट. २४,५६८ माणसं आत गेली आणि फाटकं बंद करावी लागली. बाहेर राहिलेल्यांची माफी मागायला लीगचे प्रमुख स्वतः रस्त्यावर आले. शंभर वर्षं "बायकांचा सामना बघणार कोण?" असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळालं. त्या वेळी प्रत्येक संघात सोळाच खेळाडू उतरले, पुरुषांत अठरा असतात. एवढी काटकसर अजूनही आहे.

अर्थात सगळं गोड नाही. मार्च २०१९ मध्ये कार्लटनच्या टेला हॅरिसचा उंच लाथ मारतानाचा एका छायाचित्रकाराने टिपलेला फोटो एका वाहिनीने प्रसिद्ध केला आणि त्याखाली इतकी घाण लिहिली गेली की वाहिनीने आधी फोटोच काढून टाकला. मग लोक खवळले आणि फोटो परत आला. पुढे त्याच लाथेचा पुतळा मेलबर्नच्या भर चौकात उभा राहिला. आपल्या कबड्डीपटू मुलींनाही असे टोमणे चुकलेले नाहीत, पुतळे मात्र अजून कुणाचे पाहिले नाहीत.

मी स्टँडच्या पायऱ्यांशी उभी होते. हिरवळीवर पाण्याचे फवारे चालू होते. २०२२ च्या त्या आशिया चषकात भारताच्या मुली यजमान म्हणून उतरल्या होत्या. पहिला सामना इराणशी नवी मुंबईत ०-० बरोबरीत सुटला. दुसऱ्याच्या आधी डझनभर खेळाडूंना करोनाची लागण झाली, संघ उभा करता आला नाही आणि घरच्याच स्पर्धेतून त्या बाहेर पडल्या. ऑस्ट्रेलियालाही ही स्पर्धा लाभली नाही, पुण्यात दक्षिण कोरियाने त्यांना १-० ने घरी पाठवलं. पण पुढच्या वर्षी त्यांच्या देशात विश्वचषक झाला. इंग्लंडविरुद्धची उपांत्य लढत बघायला सिडनीत ७५,७८४ लोक होते. यजमान सामना हरले. ऑस्ट्रेलियाचा एकमेव गोल सॅमचा होता.

आणि भारताच्या मुली? ५ जुलै २०२५ रोजी त्यांनी थायलंडला थायलंडमध्ये २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. २०२६ च्या त्या स्पर्धेचा यजमान ऑस्ट्रेलिया आणि सामन्यांच्या शहरांपैकी एक पर्थ.

संकुलात फिरताना मला त्या जानेवारीतल्या सामन्याची खूण कुठे दिसली नाही. महापालिकेला एक विनंती. फाटकाशेजारच्या भिंतीवर एक फलक लावा. वर मैदानाचं नाव, खाली तारीख, २१ जानेवारी २०२२, आणि हेही की कोलकात्यात जन्मलेल्या बापाच्या लेकीने इथे आपल्या देशातल्या साऱ्या पुरुषांना मागे टाकलं. मराठीत, ठळक अक्षरांत. खर्च फार येणार नाही.