तांबडा दिवा

इशारा देणाऱ्याची बाजू जगांत सहसा कोणी घेत नाहीं. रात्रीं भुंकणाऱ्या कुत्र्याला आधीं दगड बसतो. चोर आहे कीं काय हें पाहण्यास कोणीतरी कंदील घेऊन उठतो तें त्यानंतर. ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या समोर ऑईलच्या दाबाचा जो तांबडा दिवा बसविलेला असतो, त्याच्याहि नशिबीं हेंच असतें. तो लागला कीं निम्मे लोक म्हणतात, दिवा बिघडला. उरलेले निम्मे म्हणतात, एंजिन गेलें. दोन्ही पक्षांना निकालाची घाई असते. वास्तविक त्या दिव्याला उलट दोनचार प्रश्न विचारले, तर तो फार प्रामाणिक साक्षीदार ठरतो असा माझा अनुभव आहे.

आमचें घर कृष्णाकांठचें. तिघां भावांचे संसार एकाच चुलीवर, जमीन एकत्र, आणि त्या जमिनीवर राबणारा ट्रॅक्टरहि एकच. तीन सिलिंडरांचें डिझेल एंजिन, वय पस्तिशीच्या पलीकडचें. वडिलांनीं तो बँकेचें कर्ज काढून घेतला होता. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशीं घरांत पुरणपोळी झाली होती, असें आई अजून सांगते. सन २०२२ च्या कार्तिकांत ऊसतोड सुरू झाली, आणि कारखान्याच्या वजनकांट्यापुढें ट्रॉल्यांच्या रांगेंत उभा असतांना या ट्रॅक्टरचा तांबडा दिवा मिणमिणूं लागला. रस्त्यानें वेगांत असतांना तो विझे. रांगेंत एंजिन मंद गतीवर ठेवलें कीं पुन्हां लागे.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत परिषद भरली. काकांचें म्हणणें असें कीं, पट्टी बुडवून पाहिली तर ऑईल काठोकाठ दिसतें, तेव्हां दिवाच खोटा. त्याची तार काढून टाकावी म्हणजे कटकट मिटली. दादांनीं ज्या मेकॅनिकाला विचारलें होतें त्यानें ट्रॅक्टर न पाहतांच सांगितलें कीं एंजिन खोलावें लागेल, क्रँक घासून बेअरिंगें नवीं घालावीं लागतील. खर्चाचा आंकडा ऐकून धाकट्या भावानें ट्रॅक्टर विकण्याची गोष्ट काढली. ऊस तर तोडून पडत होता. अखेर दादांच्या मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं राखून ठेवलेली ठेव मोडावी, येथवर बोलणें आलें. ती मुलगी दाराशीं उभी राहून सारें ऐकत होती. ठेवीला हात लावण्यापूर्वीं मला दोन दिवस द्या, अशी मुदत मीं मागून घेतली आणि ट्रॅक्टर अंगणांत उभा केला.

या दिव्याची रचना अगदीं साधी असते. किल्ली फिरविली कीं दिव्याला बॅटरींतून वीज मिळते. पुढें एकच तार एंजिनावर बसविलेल्या लहानशा स्विचापर्यंत जाते. एंजिन बंद असतांना स्विचांतील स्प्रिंग टोकें जुळवून धरते, वीज एंजिनाच्या लोखंडांत उतरते आणि दिवा लागतो. एंजिन सुरू होऊन ऑईलचा दाब चढला कीं तो स्विचांतील पडदा ढकलतो, टोकें विलग होतात आणि दिवा मालवतो. म्हणजे ऑईल किती आहे याची या दिव्याला वार्ताहि नसते. त्याला कळतो केवळ दाब, आणि तोहि दर चौरस इंचास पांचसात पौंडांपर्यंत उतरला म्हणजेच. काकांची पट्टी आणि हा दिवा यांचीं खातींच निराळीं! पट्टीच्या ग्वाहीवरून दिव्याला खोटें पाडणें म्हणजे, कणगींत धान्य आहे तेव्हां रोग्याची नाडी ठीक असलीच पाहिजे, असें म्हणण्यासारखें आहे.

दाबाचें एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. १८८३ सालीं इंग्लंडांत टॉवर नांवाच्या एंजिनियरानें आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगांवर प्रयोग केले. बेअरिंगाच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठीं पाडलेल्या भोकांतून, आंस फिरूं लागतांच, तेल उलट वर येऊं लागलें. त्यानें बूच मारलें, तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली, तीहि बाहेर फेंकली गेली. शेवटीं तेथें दाबाचें घड्याळ लावलें, तेव्हां बेअरिंगावरील सरासरी भार दर चौरस इंचास सुमारें १०० पौंड असतांना कांटा २०० च्याहि पलीकडे गेला. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानें याची गणिती उपपत्ति दिली: फिरणारा आंस तेलाला अरुंद फटींत ओढून नेतो, आणि तेथें कोंडलेलें तेल आंसाला उचलून धरतें. ट्रॅक्टरचा क्रँकहि असाच तेलाच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगत असतो, आणि पंपाचें काम त्या फटींना तेलाचा अखंड पुरवठा करण्याचें. पुरवठा तुटला अथवा तेल फार पातळ झालें कीं थर फाटतो, धातूला धातु घासूं लागतो, आणि मग मेकॅनिकाचा तो आंकडा खरा होण्यास वेळ लागत नाहीं.

तपासणीचा क्रम मीं स्वस्तांतून महागाकडे ठेवला. पहिला प्रश्न तारेला. एंजिन बंद ठेवून किल्ली फिरविली आणि स्विचावरील तार काढली, दिवा विझला. तार वाटेंत कोठें लोखंडाला टेकत असती, तर तो तसाच जळत राहिला असता. दुसरा प्रश्न स्विचाला. तो काढून त्याच्या जागीं, तालुक्याच्या गांवाहून मागून आणलेलें दाबाचें घड्याळ बसविलें. एंजिन अर्धा तास चालवून चांगलें तापूं दिलें. कारण थंड ऑईल जाड असतें आणि खोटा दिलासा देतें. पुतणी वही घेऊन आंकडे टिपावयास बसली: मंद गतीवर ५ पौंड, पूर्ण वेगांत २५. अशा एंजिनांत तापल्यावरहि मंद गतीला दहापंधरा आणि वेगांत चाळीस पौंड तरी दिसावेत. दिवा खरेंच बोलत होता. तार काढण्याचा ठराव तेथेंच बारगळला.

तिसरा प्रश्न खुद्द ऑईलला. पट्टी काढून पाहिली तों ऑईल वरच्या खुणेच्याहि बोटभर वर! दोन महिन्यांत एकदांहि ऑईल घालावें लागलें नाहीं, याचें घरांत कौतुकच चाललें होतें. पट्टी पुसलेलें फडकें मीं ओसरीच्या कठड्यावर टाकलें. वहिनी तेथें तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तें फडकें आधीं उचला पाहूं. डिझेलच्या वासानें डोकें उठलें माझें. आठ दिवस सांगतें आहें, गड्याच्या फडक्यांनाहि हाच वास येतो. पण येथें ऐकतें कोण?”

वहिनींचें हें गाऱ्हाणें आम्हीं सर्वांनींच ऐकलें होतें, आणि स्वयंपाकघरांतलें म्हणून सोडून दिलें होतें. फडकें नाकाशीं नेलें तेव्हां उलगडा झाला. एंजिनाच्या कुशीला एक फीड पंप असतो. तो टाकींतलें डिझेल ओढून पुढें पाठवितो. त्यांतला रबरी पडदा फाटला कीं डिझेल मागच्या बाजूनें सरळ ऑईलच्या चेंबरांत झिरपतें. ऑईल पातळ होतें, पट्टीवर मात्र वाढतांना दिसतें. संसारांत न घालतां वाढणारी वस्तु एकच, ती म्हणजे कर्ज. एंजिनांतहि न ओततां वाढलेलें ऑईल त्याच जातीचें समजावें.

पंप खोलला. पडद्याला करंगळीच्या नखाएवढी चीर होती. एंजिन खोलण्याच्या खर्चापुढें नव्या पडद्याची किंमत कांहींच नव्हती. जुनें ऑईल सारें काढून टाकलें, फिल्टर बदलला, नवें ऑईल भरलें आणि एंजिन पुन्हां तापविलें. पुतणीनें वहींत लिहिलें: मंद गतीवर १५, वेगांत ४५. इतक्यावरहि दाब चढला नसता, तर चेंबरांतील जाळी तुंबली आहे काय, दाब सोडणारी झडप कचऱ्यानें अडकली आहे काय, पंप झिजला आहे काय, हें पाहावें लागलें असतें, आणि सर्वांच्या शेवटीं बेअरिंगें. मेकॅनिकाचा तर्क अगदींच निराधार नव्हता. झिजलेल्या बेअरिंगांचेंहि लक्षण हेंच, तापल्यावर मंद गतीला दाब पडणें. परंतु शेवटचें पान त्यानें आधीं वाचलें.

ज्यांच्या घरीं असा जुना ट्रॅक्टर असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: वेगांत चालतांना दिवा लागला तर घरापर्यंत नेण्याचा मोह न धरतां एंजिन तेथल्या तेथें बंद करावें, आणि पट्टीवर ऑईल कमी झालें म्हणजे जितकी काळजी वाटते तितकीच तें वाढलें म्हणजेहि वाटूं द्यावी. ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर नाहीं, पण माणसें पुष्कळ आहेत, त्यांनाहि यांत थोडें घेण्यासारखें आहे. एकत्र कुटुंबांत कुरकुर करणारें एक तरी माणूस असतें, आणि त्याची तार काढून टाकणें हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. त्या कुरकुरीला एकदां शांतपणें घड्याळ लावून पाहावें. दहांपैकीं नऊ वेळां कांहीं निघणार नाहीं; पण दहाव्या वेळीं जें निघेल त्यानें कोणाची तरी ठेव वांचलेली असेल.