न पेटलेला मेघ

चि. सुमन,

तुझे पत्र पावले. प्रबंधासाठी तुझ्या मार्गदर्शकांनी पुढे ठेवलेल्या दोन मेघांपैकी कोणता पत्करावा, असे तू विचारले आहेस. आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा अधिक मूलगामी प्रश्न दडलेला आहे, तो असा की आकाशगंगेच्या केंद्राजवळ वायूची एवढी रेलचेल असताना तेथे त्या मानाने तारे इतके थोडे का जन्मास येतात? दुसऱ्याचा विचार केल्यावाचून पहिल्याचे उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही. पत्र लांबेल, तेव्हा सवडीने वाच.

ताऱ्याचा जन्म म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा विजय, पण तो फार विलंबाने आणि फार थोड्या द्रव्यावर मिळालेला विजय होय. वायूच्या कोणत्याही पुंजक्यात स्वतःच्या भाराने आत कोसळण्याची ओढ असते आणि उष्णतेमुळे बाहेर पसरण्याचीही असते. या दोहोंतील तोल कोठे ढळतो याचे गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ साली मांडले, आणि त्यातील निष्कर्ष आजही प्रमाण मानला जातो: पुंजका जितका थंड आणि जितका दाट, तितके अल्प वस्तुमानही कोसळण्यास पुरते. म्हणूनच तारे जन्मतात ते निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा अंश तापमान असलेल्या काळोख्या रेणुमेघांत. कोसळता कोसळता गाभा अपारदर्शक होतो, आतली उष्णता आतच कोंडते, तापमान दोन हजार अंशांच्या घरात गेले की हायड्रोजनचे रेणू फुटू लागतात, त्या फुटण्यात उष्णता खर्ची पडून गाभा पुन्हा एकवार कोसळतो, आणि अखेर कधीतरी अंतर्भाग सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापून हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. हा तपशील तुला पाठ आहे. मी तो एवढ्याचसाठी लिहिला की, पहिली पायरी ओलांडली गेली नाही तर पुढच्या सर्व पायऱ्या केवळ कागदावर राहतात, आणि केंद्राजवळचा सारा झगडा त्या पहिल्या पायरीशीच आहे.

ते केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी आहे. मधल्या धुळीमुळे तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या दर एक लाख कोटी किरणकणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा डोळ्यांना तो मुलूख कायमचा बंद आहे, आणि त्याची सारी वार्ता रेडिओ व अवरक्त तरंगांनी आणलेली आहे. कार्ल जान्स्की यांनी १९३३ साली आकाशगंगेकडून येणारा रेडिओ-ध्वनी जाहीर केला, तेव्हा त्याचा जोर धनू राशीच्याच दिशेस होता. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या मीटर-लांबीच्या तरंगांवर काम करतात. मृत ताऱ्यांचे अवशेष आणि चुंबकीय क्षेत्रात फिरणारे वेगवान इलेक्ट्रॉन यांचा माग त्यांना उत्तम लागतो, परंतु थंड रेणूंची साक्ष काढावयाची तर मिलिमीटर-तरंग हवेत, आणि हवेतील बाष्प ते तरंग गिळून टाकत असल्यामुळे चिलीतील अटाकामाच्या पठारावर, पाच हजार मीटर उंचीवर, आल्मा दुर्बिणीच्या ६६ तबकड्या उभाराव्या लागल्या. तुझे बहुतेक दफ्तर तेथूनच यावयाचे आहे.

आता केंद्राचा मुलूख. मध्यभागी सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर, आणि त्याच्या दोन्ही अंगांस काही शेकडो प्रकाशवर्षे पसरलेला रेणुवायूचा पट्टा, ज्यात काही कोटी सूर्य घडतील इतके द्रव्य साठलेले आहे. आकाशगंगेच्या तबकडीतील सामान्य मेघात दर घन सेंटीमीटरमागे काही शेकडे रेणू असतात. येथे सरासरीच दहा हजारांच्या घरात जाते. एवढ्या दाटीच्या मेघास, दुसरा कोणताच अडसर नसता, स्वतःच्या भाराने कोसळण्यास सुमारे तीन लाख वर्षे पुरतात, आणि ताऱ्यांच्या कालगणनेत ती काहीच नव्हेत. तरीही त्या संपूर्ण पट्ट्यात वर्षाकाठी सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे एक दशांश एवढेच द्रव्य ताऱ्यांत रूपांतरित होते. दाट वायूच्या हिशेबाने जेवढी अपेक्षा करावी त्याच्या मानाने हा वसूल जवळजवळ दहापट कमी भरतो.

ही तूट साऱ्या पट्ट्यात सारखी वाटली गेलेली असती तर गोष्ट सोपी होती, पण तुझे दोन मेघ नेमके तसे नाहीत. सॅजिटेरियस बी२ हा त्या पट्ट्यातील सर्वांत संपन्न मेघ. १९६८ साली चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अंतराळातील अमोनिया प्रथम त्याच दिशेस आढळला, पुढे मद्यार्काचे रेणूही तेथेच सापडले, आणि केंद्राजवळच्या वायूपैकी जेमतेम एक दशांश वायू बाळगणारा हा एकटा मेघ तेथील जवळजवळ निम्मे नवे तारे घडवीत आहे. दुसरा मेघ, ज्योतिर्विदांच्या तोंडी 'ब्रिक' या नावाने रुळलेला, लाखभर सूर्यांच्या वस्तुमानाचा, अवरक्त चित्रांत मागील साऱ्या तेजावर काळाकभिन्न उमटणारा. आणि त्यात तारकाजन्माची खूण म्हणावी तर पाण्याच्या बाष्पाचा एक मेसर आणि अगदी तुरळक, इवलेसे गाभे. तारकागुच्छ घडविण्याजोगी सारी सामग्री हाताशी असून हा मेघ पेटलेला नाही.

का नाही? मला जे पटते ते सांगतो. दाटी ही स्वतंत्रपणे पुरेशी अट नाही. कोसळणे थोपविणारे बळ किती, यावरून पुरेशी दाटी ठरते. केंद्राजवळ वायूचे तापमान साठ ते शंभर अंश निरपेक्ष, आतील क्षोभाचे वेग त्या वायूतील ध्वनिवेगाच्या कित्येक पट, चुंबकीय क्षेत्र आपल्या परिसरापेक्षा पुष्कळ प्रबळ, आणि विश्वकिरणांचा मारा अखंड. शिवाय केंद्राभोवती फिरताना आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगवेगळ्या गतीने चालत असल्यामुळे मेघ सतत कातरला जातो, आणि असे कातरणे वायूला दाबून एकत्र आणण्याऐवजी त्याला भोवऱ्यांत गुंतवून ठेवते. अशा ठिकाणी ताऱ्याचा गाभा जुळण्यास लागणारी दाटी तबकडीतल्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असली पाहिजे. वायू तापलेला असला तरी धूळ मात्र त्या मानाने थंड आहे, हेही ध्यानात ठेव: जेम्स वेब दुर्बिणीने 'ब्रिक'चे जे निरीक्षण केले, त्यावरून अ‍ॅडम गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवून दिले की, त्या मेघात कार्बन मोनॉक्साइड बर्फरूपाने विपुल गोठलेला आहे. वायूचे प्रमाण आपण ज्या रेणूच्या साक्षीवरून ठरवितो तोच रेणू धुळीच्या कणांवर दडून बसला असेल, तर आपल्या साऱ्या जमाखर्चाची रुजवात नव्याने घ्यावी लागेल.

एक मत असेही आहे की, मेघ आपल्या कक्षेत कृष्णविवराच्या सर्वांत निकट येऊन गेला की भरतीच्या ताणाने दबतो आणि तेथून तारकाजन्माचा आरंभ होतो. त्या हिशेबाने 'ब्रिक' आज जेथे आहे तेथून सॅजिटेरियस बी२ काही लाख वर्षे पुढे आहे, आणि दोन्ही मेघ एकाच प्रवासाचे दोन मुक्काम ठरतात. मत मोठे आकर्षक आहे. परंतु या मेघांची अंतरे आपल्याला दृष्टिरेषेत अचूक मोजता येत नाहीत, त्यामुळे कक्षेचा आकारच अद्याप वादात आहे, आणि ज्या अनुमानाचा पाया वादात आहे त्यावर प्रबंधाची इमारत रचू नये, असे मला वाटते.

या विषयाचे मोल केवळ आपल्या आकाशगंगेपुरते नाही. विश्वातील ताऱ्यांची सर्वांत मोठी पैदास सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी झाली, आणि त्या काळच्या दीर्घिकांतील वायू असाच दाट, असाच क्षुब्ध होता. त्या दीर्घिका इतक्या दूर आहेत की त्यांतील एकेक मेघ निरखणे अशक्य. तशी परिस्थिती जवळून पाहावयाची तर आपल्याला हा एकच परिसर उपलब्ध आहे.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. सॅजिटेरियस बी२वर काम करणारे पुष्कळ आहेत, तेथे रोज नवे रेणू आणि नवे आदितारे सापडतील, आणि तुझा प्रबंध सुखरूप पार पडेल. तरीही तू 'ब्रिक' घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पेटलेल्या मेघात नव्या ताऱ्यांचे वारे आणि किरण आरंभीची स्थिती पुसून टाकतात. न पेटलेल्या मेघात ती अजून शाबूत आहे, आणि तारा कशाने अडतो हे तेथेच मोजता येईल. चुंबकीय क्षेत्राच्या मापनापासून आरंभ कर, कारण सर्वांत कच्चा दुवा तोच आहे. त्यासाठी लागणारे ध्रुवीकरणाचे गणित मात्र आतापासून पक्के कर, आणि पहिला आराखडा तयार होताच मला पाठव.

वडीलधाऱ्यांस नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
नानामामा