टाइनकाठी घडलेला वेग

न्यूकासलच्या सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून पश्चिमेकडे निघालं की काही मिनिटांत ब्लँडफर्ड स्क्वेअर येतो. तिथे १८९९ साली एका सहकारी संस्थेच्या मुख्यालयासाठी बांधलेली इमारत आहे. आज तिच्यात डिस्कव्हरी म्युझियम आहे, आणि तिथे तिकीट लागत नाही. आत एक अख्खी बोट ठेवली आहे. लांबी सुमारे ३२ मीटर, रुंदी जेमतेम पावणेतीन मीटर. हीच ‘टर्बिनिया’.

अभियंता चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही बोट १८९४ मध्ये पाण्यात सोडली, तेव्हा तिने निराशाच केली. टर्बाइन इतक्या जोरात फिरे की पंख्याभोवती पोकळी तयार होई आणि पंख्याला पाण्याची पकडच मिळत नसे. पार्सन्सने पाण्याच्या छोट्या टाकीत पंखे फिरवून ही अडचण अभ्यासली. मग एका दांड्याच्या जागी तीन दांडे आणि नऊ पंखे आले. २६ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेडला आरमाराची पाहणी चालू असताना ही बोट आमंत्रण नसताना युद्धनौकांच्या रांगांत घुसली. तिचा वेग होता ३४ नॉटच्या आसपास. पाठलागावर सुटलेल्या गस्तीच्या बोटींना ती सापडली नाही.

आरमाराला वेगाचीच निकड होती. पाणतीर घेऊन येणारी एखादी चिमुकली बोट महाकाय युद्धनौका बुडवू शकते, ही धास्ती त्या काळी मोठी होती. अशा बोटींना गाठून बुडवण्यासाठी १८९३ मध्ये ‘हॅवॉक’पासून विनाशिकांची नवी जात जन्मली. आधी २७ नॉट, मग ३० नॉट, अशी मागणी चढत गेली. दट्ट्यांची वाफेची इंजिनं एवढ्या वेगात सगळं जहाज हादरवून सोडत.

टर्बाइनला दट्ट्याच नव्हता. म्हणून टर्बाइनवर चालणाऱ्या ‘व्हायपर’ या विनाशिकेची ऑर्डर निघाली. तिचा सांगाडा हॉथॉर्न लेस्लीने टाइन नदीच्या दक्षिण काठी, हेबर्नला बांधला. वरच्या अंगाला एल्सविकमध्ये आर्मस्ट्राँगच्या कारखान्याने स्वतःच्या जोखमीवर टर्बाइनचीच ‘कोब्रा’ बांधली आणि १९०० मध्ये आरमाराने ती विकत घेतली. चाचणीत ‘व्हायपर’ने ३६ नॉटही मागे टाकले.

एल्सविकचं समुद्राशी नातं समजून घ्यायला न्यूकासलच्या धक्क्यावरच्या स्विंग ब्रिजपाशी थांबावं. १८७६ मध्ये खुला झालेला हा पूल पाण्याच्या दाबाच्या यंत्राने आडवा फिरवता येईल असा बांधला होता. वरच्या बाजूला बांधलेल्या मोठ्या जहाजांना समुद्राची वाट त्याच्यामुळेच मोकळी झाली.

१७ सप्टेंबर १९०१ रोजी ‘कोब्रा’ तोफा चढवून घेण्यासाठी पोर्टस्मथला निघाली. नाविकांबरोबर पार्सन्सच्या कंपनीची माणसंही होती. त्यांच्यात वॉल्सेंड कारखान्याचे व्यवस्थापक रॉबर्ट बार्नर्ड होते. रात्री समुद्र खवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकनशरच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात जहाज मधोमध मोडलं. ६७ जण गेले, १२ वाचले. बुडालेल्यांत टर्बाइनं जोडणारे, पारखणारे कारागीर होते. ‘टर्बिनिया’समोर स्पिटहेडची गोष्ट रंगवून सांगितली जाते, तेव्हा त्या कारागिरांचीही आठवण निघायला हवी.

‘व्हायपर’ त्याच्या दीड महिना आधीच संपली होती. ३ ऑगस्टला सरावाच्या वेळी दाट धुक्यात ती ऑल्डर्नी बेटाजवळच्या खडकांवर चढली. सुदैवाने सगळे वाचले. पण दोन्ही टर्बाइन विनाशिका एकाच उन्हाळ्यात गेल्या आणि नव्या यंत्राकडे बोट दाखवणं सोपं झालं. ‘कोब्रा’च्या लष्करी चौकशीने मात्र नीट निवाडा केला: जहाज तळाला लागलं नव्हतं, वाटही चुकली नव्हती. दोष सांगाड्याच्या कमकुवतपणाचा होता. वेगासाठी वजन छाटताना ताकदही छाटली गेली होती.

मेट्रोची पिवळी गाडी हेबर्नला नेते. पैलतीरी वॉल्सेंड आहे, जिथे १९०६ मध्ये टर्बाइनवर धावणारी प्रचंड ‘मॉरिटेनिया’ पाण्यात उतरली. पण त्याआधी हेबर्नच्या त्याच हॉथॉर्न लेस्लीने १९०३ मध्ये ‘एडन’ बांधली होती. ती नव्या ‘रिव्हर’ वर्गातली. या वर्गाची नाळ उंच, सांगाडा दणकट आणि ठरवलेला वेग साडेपंचवीस नॉट. ३० नॉटच्या नौका तो आकडा शांत पाण्यातल्या चाचणीत गाठत. खवळलेल्या समुद्रात त्यांना तो टिकवता येत नसे. ‘रिव्हर’ नौका आपला वेग लाटांतही बऱ्यापैकी राखत. बहुतेकींत जुनी दट्ट्यांची इंजिनंच होती. ‘एडन’मध्ये मात्र पार्सन्सची टर्बाइनं बसवली होती.