गच्चीवरची वाटणी

एमआयडीसीतल्या कुठल्याही गच्चीच्या कठड्याला हात टेकला की तळवा काळा होतो. इथं भंगार वितळतं, त्याचे बिलेट पडतात, बिलेट लाटून सळई निघते, आणि या सगळ्याची काजळी आमच्या पाण्याच्या टाक्यांवर, छत्र्यांवर, वाळत घातलेल्या पापडांवर बसते. अँटेनाच्या कामाला गेलो की मी पहिल्यांदा फडकं काढतो. कनेक्टरच्या आत ही काजळी गेली आणि वर पहिला पाऊस पडला, की त्या जोडाचं काय होतं ते मी चाळीस वर्षं बघतोय.

फोरमनमामांच्या क्वार्टरवर मी गेलो तो मे महिना होता. मामा रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले. मुलानं पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांना एक स्टिरिओ ट्यूनर आणून दिला होता. चांदीच्या रंगाची दर्शनी पट्टी, लांबलचक काच, काचेमागे सरकणारी सुई, आणि एक जड बटण. एक झटका दिला की ते बटण आपसूक फिरत राहतं आणि सुई या टोकाची त्या टोकाला जाते. मामा मला तेच दाखवत होते. मी मात्र काचेवरचे आकडे वाचत होतो. असा माल कधीकधी थेट जपानच्या घरगुती बाजारातला असतो. त्याचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा आणि तो चालतो शंभर व्होल्टवर. आपल्या पिनेत घातला की धूर, आणि ट्रान्सफॉर्मर लावून वाचवला तरी सुई नव्वदच्या पुढं जात नाही. औरंगाबाद आकाशवाणी १०१.७ वर. (गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण माझ्या तोंडातून स्टेशनचं जुनंच नाव निघतं.) मामांचा पट्टा ८८ ते १०८ होता. सुटलो.

"मिस्त्री, हे नुसतं खरखर करायलंय. लाल दिवा लागतो अन् जातो."

पाठीमागं पाहिलं. एरियलच्या जागी हातभर वायरीचा तुकडा, पडद्याच्या दांडीला गुंडाळलेला.

लाल दिवा म्हणजे स्टिरिओचा दिवा. लोकांना वाटतं, एवढ्याशा ट्रान्झिस्टरवर वायर न लावता स्वच्छ लागतं, मग एवढ्या मोठ्या खोक्यावर का लागू नये? ट्रान्झिस्टर मोनो असतो, तिथंच सगळा फरक पडतो. अमेरिकेत १९६१ साली स्टिरिओची जी पद्धत ठरली तीच जवळजवळ सगळीकडं चालते. डाव्या-उजव्याची बेरीज नेहमीसारखी जाते, म्हणून जुने मोनो सेट बाद झाले नाहीत. दोघांतली वजाबाकी मात्र ३८ किलोहर्ट्झवर चढवून पाठवतात, आणि १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर सोबत सोडतात. ट्यूनरला तो सूर सापडला की दिवा लागतो. अडचण अशी की एफएममध्ये खरखर वरच्या पट्टीला वाढत जाते आणि ती वजाबाकी नेमकी तिथंच बसलेली. म्हणून मोनोइतकीच शांतता स्टिरिओत हवी असेल तर अंदाजे वीस डीबी जास्त सिग्नल लागतो. वीस डीबी म्हणजे शंभरपट ताकद. औरंगाबाद इथून साठेक किलोमीटर. पडद्याच्या दांडीवरून ते भागायचं नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात खरखरीचं दुखणं निराळं होतं. तेव्हा घरोघर मीडियम वेव्ह. गच्चीवर या टोकाला एक बांबू, त्या टोकाला एक, मधे तांब्याच्या तारेची विणलेली पट्टी आणि दोन्हीकडं चिनी मातीच्या गुंड्या. तिला आम्ही नुसतं 'जाळी' म्हणायचो. परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर. संध्याकाळी गावात ते चांगलं लागायचं, पण एमआयडीसीच्या बाजूला भट्ट्या लागल्या की परभणी बुडायची. इंडक्शन फर्नेस काही सरळ वीज खात नाही. तिच्यातले थायरिस्टर सेकंदाला शेकडो वेळा वीज तोडतात-जोडतात, आणि त्या तुटण्याचा गुंगाट विजेच्या तारांवरून सगळ्या वस्तीत फिरतो. गिऱ्हाईक म्हणायचं, रेडिओ बिघडलाय. मी सेट दुकानात न्यायचो. दुकानात सेट ठणठणीत. परत क्वार्टरवर, परत गुंगाट. शेवटी उस्तादांनी सांगितलं, "रेडिओ नीट हाय रे बाबा, जागा बिघडलीय."

एफएमला हा त्रास फार कमी, कारण तिथं आवाज लहरीच्या उंचीत नसतो, कंपनाच्या चढउतारात असतो. उंची कमीजास्त झाली तर सेट ती छाटून टाकतो. पण छाटायलाही मुळात पुरेसा सिग्नल हाताशी पाहिजे. तुटपुंज्या सिग्नलवर भट्टीचा गुंगाट नाही, तरी विजेच्या खांबावरच्या तडकलेल्या इन्सुलेटरची चुरचुर ऐकू येतेच.

तर गच्चीवर गेलो. तिथं एक जीआय पाइप, पाइपवर छत्री, छत्रीखाली टू-वे स्प्लिटर. फ्री डिशची ती एक छत्री मामांची आणि शेजारच्या भट्टीवाल्या भैयांची मिळून. छत्री मामांनी आणलेली, पाइप भैयांनी कारखान्यातल्या वेल्डरकडून करून घेतलेला. वर्षानुवर्षं भांडण नाही. आता मी चाळीस वर्षं काम केलेला मिस्त्री, पण मे महिन्यातल्या दुपारी अकलेलाही झापड येते. मनात म्हटलं, छत्रीतून एफएम येत नसलं तरी केबल तर गच्चीपर्यंत गेलीय; तिची बाहेरची विणलेली जाळीच थोडंफार ओढून आणील. पिशवीतला स्वस्तातला स्प्लिटर काढला, मामांच्या खोलीत केबल फोडली, एक टोक सेट-टॉप बॉक्सला, एक ट्यूनरच्या गोल भोकात.

दोन मिनिटांत भिंतीपलीकडून आवाज. "भाईसाब! टीवी गया! हमारा भी गया!"

दोन्ही घरचा पडदा काळा. पलीकडं भोजपुरी सिनेमा ऐन मारामारीत होता म्हणे. झालं ते असं. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो त्याला वीज लागते, आणि ती बॉक्सच त्याच केबलमधून वर पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट. ट्यूनरच्या एरियलच्या भोकामागं बहुतेकदा छोटीशी कॉइल असते आणि तिचं दुसरं टोक थेट बॉडीला. म्हणजे डीसीच्या दृष्टीनं सरळ शॉर्ट. बऱ्यापैकी स्प्लिटरमध्ये आत डायोड असतो, त्यामुळं वीज खालून वर जाते, बाजूच्या वाटेला फिरकत नाही. डबीच्या झाकणावर डायोडचा छोटा त्रिकोण छापलेला असतो, तो बघून घ्यायचा. माझ्या डबीवर त्रिकोण नव्हता. गच्चीवरच्या डबीवरही नव्हता. त्यामुळं माझ्या एका पिनेनं दोन घरांचे बॉक्स खाली बसले. ट्यूनर वाचला, कारण बॉक्सनं स्वतःला वेळीच बंद करून घेतलं. पिन काढली, सिनेमा परत लागला. मामा काही बोलले नाहीत. चहा आला, एवढंच.

गंमत म्हणजे त्याच छत्रीतून आकाशवाणीच्या वाहिन्याही उतरतात. टीव्हीवर विविध भारती लावता येते, खरखर नाही, दिवा नाही, काही नाही. मी मामांना तेही सांगून पाहिलं. "त्याला फिरवायला बटण कुठंय?" असं त्यांनी विचारल्यावर तो विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी नीट सामान घेऊन गेलो. सामायिक वायरीवर काम करताना मला आता एकच गोष्ट कळते: जास्त ओढायच्या मागं लागायचं नाही, ज्याचं त्याच्याकडं जाऊ द्यायचं आणि दुसऱ्याच्या वाटेत येऊ द्यायचं नाही. एलएनबीकडून केबलमध्ये जे उतरतं ते ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या घरात. एफएम शंभराच्या आसपास. दोघं एकाच तारेतून आले तरी एकमेकांना धक्का लागत नाही, फक्त चढताना आणि उतरताना त्यांना वेगळं करणारा पाहिजे. तो म्हणजे डायप्लेक्सर. काडेपेटीएवढी डबी, तीन तोंडं. एक छत्रीसाठी, त्यातून डीसी जाऊ शकतो, एक टीव्ही-रेडिओच्या एरियलसाठी, त्यात डीसी अडतो, तिसरं सामायिक. एक गच्चीवर, एक खाली टीव्हीमागं. वरचा स्प्लिटरही बदलला, त्रिकोणवाला लावला. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, कारण सांगायला नको.

एरियल घरीच केलं होतं. १०१.७ ची लहर २.९५ मीटरची, तिची निम्मी, आणि नळीच्या जाडीपायी पाच टक्के वजा, म्हणजे १.४० मीटर. अल्युमिनियमची नळी दोन्ही टोकांना वळवून दुपदरी केली, वरचा पदर अखंड, खालचा मधोमध तोडलेला. अशा दुपदरी दांडीचा रोध ३०० ओम, केबलचा ७५. मधे जुळणी लागते. तिला आम्ही 'बलून' म्हणतो. एका गिऱ्हाईकानं बिलात 'बलून १ नग' वाचून विचारलं होतं, गच्चीवर फुगा कशाला? तयार बलून मिळतो, पण मला केबलचाच करायला आवडतो: १.२१ मीटरचा तुकडा कापायचा, वळसा द्यायचा, दोन्ही टोकांचा मधला तांब्याचा ताणा दांडीच्या दोन तुकड्यांना, आणि जाळ्या एकमेकींना. आतलं फोम वेगळं असेल तर ही लांबी बदलते, म्हणून माझं माप डोळे झाकून कुणी घेऊ नये.

औरंगाबाद इथून पश्चिमेला. म्हणून दांडी दक्षिणोत्तर बांधायची, म्हणजे तिची छाती औरंगाबादकडं होते. पूर्वी या टप्प्याला गच्चीवर एक आणि अंगणात एक माणूस लागायचा. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" "आता?" मग बराच वेळ काही नाही, कारण खालचा माणूस बातम्या बघत बसलेला. आता मोबाइल आहे, तरी मामांनी जिन्यातूनच ओरडणं पसंत केलं.

"काटा पार शेवटाला गेलाय, मिस्त्री!"

खाली आलो. सिग्नल मीटरचा काटा खरंच टोकाला, लाल दिवा स्थिर. पण निवेदिका बोलत होती आणि तिचा प्रत्येक 'स' फाटत होता. 'श्रोत्यांसाठी' म्हणताना तर तोंडात वाळू असल्यासारखं. मामांना काट्याचं समाधान झालं होतं. मला नाही. पश्चिमेला एका मिलची पत्र्याची भली मोठी शेड. एक सिग्नल थेट येत होता, दुसरा शेडवर आपटून थोडा उशिरा. मोनोत हे खपून जातं. स्टिरिओची वरची वजाबाकी मात्र त्यात चिरडते. मीटरला हे दिसत नाही, त्याला दोन्ही मिळून सिग्नल भरपूरच वाटतो. परत वर. पाइपवरून दांडी सोडली आणि आडव्या अँगलवर सरकवत गेलो. वीतभर, काही नाही. हातभर, बरं. दीड हात आणि उंची थोडी कमी, तेव्हा मामा ओरडले, "काटा पडला, मिस्त्री!" मी ओरडलो, "काट्याचं सोडा, बाई नीट बोलायली का?"

थोडा वेळ गप्प.

"बोलायली की. बाजूला बसून बोलायल्यासारखी."

तिथंच नट आवळला.

मामांच्या मुलानं फोनवर विचारलं, बूस्टर लावला असता तर? बूस्टर ही आमच्या धंद्यातली हळद आहे, कुठल्याही जखमेवर लावतात. बूस्टरला चांगलं-वाईट कळत नाही. शेडवरून आपटून आलेलाही तो तेवढाच मोठा करतो, वर स्वतःची खरखर घालतो, आणि जवळपास एखादं जोरकस केंद्र असलं तर गोंधळून दोन केंद्रांचं कडबोळं करतो. वीसेक मीटर चांगल्या केबलमध्ये शंभर मेगाहर्ट्झला दीडेक डीबी जातो, टू-वे स्प्लिटरमध्ये साडेतीन. या हिशेबातला खर्च आधी कमी करावा, मग कर्जाचा विचार. भैयांची वाट स्प्लिटरपासूनच वेगळी होते आणि रेडिओ मी स्प्लिटरच्या खाली जोडला, म्हणून इथं तो साडेतीनही वाचला.

शेवटी मी टेस्टर केबलच्या जाळीला लावला. दिवा मिणमिणला. मामी म्हणाल्या, बॉक्सच्या मागं पुसताना कधीकधी मुंग्या येतात, आम्ही म्हटलं उन्हाळ्याचं असेल. सॉकेट उघडून पाहिलं तर तीन भोकं होती आणि तिसऱ्यामागं वायरच नव्हती. बॉक्सच्या सप्लायमधली थोडी वीज अशा वेळी बॉडीवर तरंगत राहते. आता तीच जाळी ट्यूनरलाही जोडलेली, त्यातून पुढं अ‍ॅम्प्लिफायरला, आणि स्पीकरमधून घुंग. सोसायटीच्या वायरमनला गाठून अर्थिंग ओढायला लावलं, गच्चीवरच्या पाइपलाही. आमच्याकडं वळवाच्या विजा काही विचारून येत नाहीत. घुंग गेली.

संध्याकाळी शिफ्ट बदलली, भट्ट्या लागल्या, ट्यूबलाइट जरा मंदावली. लाल दिवा हलला नाही. मामांनी बटणाला झटका दिला, सुई सरकत १०२.९ ला गेली, तिथं बीड अंधूक लागलं. परत झटका, परत औरंगाबाद. भिंतीपलीकडं भैयांचा सिनेमा चालू होता. मामींनी आतून विचारलं, एवढा मोठा आवाज कशाला?

मी पैसे मोजले, चप्पल घातली, आणि ईशान्येला आभाळ काळं दिसलं तेव्हा आठवलं, वरच्या डायप्लेक्सरला टेप मारायची राहिली. परत जिना चढलो.