मी सखारामच्या बाजूने होतो

'सखाराम बाइंडर' मी हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये वाचलं. अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी प्रत होती. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मराठी वाचन सुटलेलं, त्यामुळे विजय तेंडुलकर म्हणजे 'बोल्ड नाटकं लिहिणारे' एवढंच ठाऊक. १९७२ साली हे नाटक आलं, सेन्सॉरने अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. खरं सांगायचं तर अडवलं होतं म्हणूनच वाचायला घेतलं.

सुरुवातीला मला सखाराम चक्क आवडला. नवऱ्याने टाकलेल्या बाईला तो घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी नियम सांगतो. स्वयंपाक, घरकाम, बायकोसारखं राहणं. लग्न मात्र नाही. पटलं नाही तर दार उघडं आहे. तो शिवराळ आहे, मारकुटा आहे, पण लपवत काही नाही. मी मनात म्हणालो, निदान माणूस प्रामाणिक आहे!

पुढे वाचताना लक्षात आलं की टाकलेल्या बाईला 'पटत नसेल तर जा' म्हणणं किती सोपं असतं. ती जाणार कुठे? लक्ष्मी जातेही, पण दुसरीकडे थारा मिळत नाही म्हणून परत येते. नियम सखारामने केलेले, सोयही त्याचीच.

इथे मी पुस्तक मिटलं. कारण काही महिन्यांपूर्वी एक मुलगी माझ्यासमोर रडली होती आणि मी शांतपणे म्हणालो होतो, "मी तर आधीच क्लिअर केलं होतं, मला कमिटमेंट नको." ते बोलताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. मला डेंग्यू झाला तेव्हा ती रात्र रात्र जागली होती. तेव्हा मात्र मी हा नियम काढला नव्हता.

मी सखाराम नाही. त्याच्या हातून शेवटी चंपाचा खून होतो आणि देवभोळी लक्ष्मी प्रेत पुरायच्या मागे लागते. माझ्या गोष्टीत असं काही नाही. पण 'आधीच सांगितलं होतं' ही पळवाट आम्हा दोघांचीही आहे.

'माणसांना वापरू नका' असं कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावून पुढे स्क्रोल केलं असतं. तो उपदेश दुसऱ्या कुणासाठी आहे असंच वाटलं असतं. या नाटकाने आधी मला सखारामच्या बाजूला बसवलं आणि मग तो काय करतो ते दाखवलं. असं अस्वस्थ करणारं लिखाण मी आता शोधून वाचतो, ते यासाठी.

त्या रात्री तिला मेसेज केला. "आधी सांगितलं होतं म्हणून माझं चुकलं नाही, असं होत नाही. सॉरी."

ब्लू टिक आली. उत्तर आलं नाही. तिने ते द्यायलाच हवं असंही काही नव्हतं.