वाईची ऑर्डर

मार्चमधल्या एका सोमवारी आमच्या दुकानाच्या सर्व्हरनं वाईच्या एका वाचकाची ऑर्डर नाकारली. पैसे भरलेले होते, खात्यात जमा झाल्याचंही दिसत होतं. तरी माझ्या प्रोग्रामनं नोंद केली होती: ‘सही जुळत नाही’. त्याच दुपारी पुण्याच्या दोन आणि बेळगावची एक अशा तीन ऑर्डरी बिनबोभाट पार पडल्या होत्या. किल्ली तीच, प्रोग्राम तोच. मग वाईनं काय केलं होतं?

मिरजेत वडिलांनी सुरू केलेलं पुस्तकांचं दुकान मी चालवतो. ऑनलाइन ऑर्डरी वहीत उतरवताना चुका व्हायला लागल्या, म्हणून वयाच्या ५२व्या वर्षी पायथन शिकायला घेतलं. ग्राहकानं पैसे भरले की पेमेंट कंपनी आमच्या सर्व्हरला संदेश पाठवते: अमुक ऑर्डर, एवढे रुपये, जमा. त्यावर आम्ही पार्सल बांधतो. पण आमच्या सर्व्हरचा पत्ता ज्याला ठाऊक आहे, तो कुणीही असा संदेश पाठवू शकतो. म्हणून कंपनी संदेशासोबत ६४ अक्षरांची सही जोडते. ती तपासणं आपल्याकडे असतं.

ही सही निघते कशी, तेच मला आधी उमगेना. शा-२५६ नावाचं हॅश फंक्शन शिकलो होतो. मजकूर एका ओळीचा असो की अख्ख्या कादंबरीचा, त्याचा ३२ बाइट्सचा ठसा निघतो (एकेक बाइट दोन अक्षरांत लिहिला की ६४ अक्षरं), आणि एक स्वल्पविराम हलला तरी ठसा सगळाच बदलतो. मला वाटलं, आलेल्या संदेशाचा ठसा काढायचा, जुळला की झालं. माझी भाची बंगळुरूला प्रोग्रामर आहे. ती फोनवर म्हणाली, “मामा, ठसा कुणालाही काढता येतो. खोटा संदेश पाठवणारा त्याचा ठसाही बरोबर काढून पाठवेल. त्याच्याकडे कंपनीला आणि तुम्हालाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली नसते, म्हणून ठशात किल्ली मिसळलेली हवी.”

मग किल्ली संदेशाच्या पुढं चिकटवून दोन्हींचा मिळून ठसा काढू, असं मी सुचवलं. तेही चालत नाही, आणि का चालत नाही हे समजायला मला आठवडा लागला. शा-२५६ मजकूर ६४-६४ बाइट्सच्या तुकड्यांनी घेत जातं. शेवटच्या तुकड्यानंतर त्याच्या पोटात जे उरतं, तोच बाहेर येणारा ठसा. त्यामुळे ठसा हाती आला आणि मजकुराची लांबी कळली, की किल्ली ठाऊक नसतानाही तिथूनच पुढं गणित चालवता येतं आणि संदेशाला शेपूट जोडता येतं. एमडी-५ या जुन्या हॅशचंही असंच आहे. २००९ मध्ये थाय डुओंग आणि ज्युलियानो रिझो या दोघांनी फ्लिकरच्या सह्यांमध्ये नेमकी हीच फट दाखवून दिली होती.

तिच्यावरचा तोडगा त्याच्या कितीतरी आधी तयार होता. मिहिर बेलारे, रान कानेटी आणि ह्यूगो क्रावचिक यांनी १९९६ मध्ये एचमॅक मांडलं, १९९७ मध्ये ते आरएफसी २१०४ म्हणून नोंदलं गेलं. लखोट्यात लखोटा घालावा तशी त्याची रचना आहे. किल्ली शून्यं जोडून ६४ बाइट्सची करायची, एका ठरलेल्या आकड्यानं तिचं रूप पालटायचं, पुढं संदेश जोडायचा आणि ठसा काढायचा. मग त्याच किल्लीला दुसऱ्या आकड्यानं दुसरं रूप द्यायचं, पुढं तो आतला ठसा ठेवायचा आणि पुन्हा ठसा काढायचा. आतला लखोटा बाहेर कधीच दिसत नाही, म्हणून त्याला शेपूट लावता येत नाही. एका कागदावर चौकोन काढून हे मी स्वतःला समजावलं तेव्हा खरोखर आनंद झाला. इतकी साधी रचना इतकं मोठं काम करते!

पायथनमध्ये हे सगळं एका ओळीत होतं. तरी पहिल्या दिवशी नुसत्या चुका झाल्या. किल्ली मजकूर म्हणून दिली तर प्रोग्राम थांबला, त्याला बाइट्स हवे होते. दोन सह्या मी दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहत होतो, त्यावर भाचीनं थांबवलं. तशी तुलना पहिल्या चुकीच्या अक्षरापाशीच संपू शकते, आणि लागलेला वेळ मोजत बसणाऱ्याला त्यातून सुगावा लागू शकतो. त्यासाठी ‘कम्पेअर डायजेस्ट’ हे फंक्शन वापरायचं असतं. सह्या तरीही जुळेनात. मी आलेला संदेश उलगडून, पुन्हा जेसॉनमध्ये, म्हणजे संदेश ज्या मांडणीत येतो तिच्यात, लिहून त्यावर सही काढत होतो, आणि पायथन प्रत्येक स्वल्पविरामापुढं आणि अपूर्णविरामापुढं एक मोकळी जागा सोडत होतं. त्या जागा काढल्या, सह्या जुळल्या. काम झालं असं धरून मी ते दुकानात सुरू केलं.

आणि सोमवारी वाई आली.

दोन दिवस मी किल्लीवर संशय घेतला. दोनदा नवी किल्ली तयार करून घेतली. तिसऱ्या दिवशी भाचीनं विचारलं, “तुम्ही सही कशावर काढताय, आलेल्या बाइट्सवर की तुम्ही परत लिहिलेल्या मजकुरावर?” नाकारलेला संदेश कंपनी पुन्हा पुन्हा पाठवत होती, म्हणून पुढचा आला तेव्हा दोन्ही रूपं एकाखाली एक छापली. वाचकानं गावाचं नाव देवनागरीत लिहिलं होतं. आलेल्या संदेशात ‘वाई’ हा शब्द ९ बाइट्सचा होता: व, काना आणि ई, प्रत्येकी ३. माझ्या मजकुरात त्याच जागी १८ बाइट्स होते, कारण पायथन न सांगता प्रत्येक देवनागरी खुणेचा सहा अक्षरांचा संकेत करून ठेवतं: एक उलटी तिरकी रेघ, एक यू आणि चार अंक. ‘व’च्या जागी ०९३५ बसलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. पुण्याच्या आणि बेळगावच्या वाचकांनी पत्ता इंग्रजीत लिहिला होता, म्हणून त्यांचं काही अडलं नव्हतं.

वाचणाऱ्याला दोन्ही ठिकाणी वाईच दिसते. एचमॅकला अर्थ कळत नाही, त्याला फक्त बाइट्स कळतात. आता फ्लास्कमधून, म्हणजे माझा सर्व्हर ज्या पायथन-चौकटीवर चालतो तिच्यातून, संदेश जसा आला तसा, न उलगडता घेतो, त्यावर सही तपासतो, आणि ती जुळल्यावरच जेसॉन उघडतो. मुळातल्या प्रोग्राममध्ये तीन ओळींची जागा बदलली, एवढंच.

जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा आणखी दोन ऑर्डरी तशाच अडकलेल्या सापडल्या, दोन्हींचे पत्ते मराठीत. त्या वाचकांना फोन करून मी माफी मागितली आणि पुस्तकं पाठवली. तुमच्याकडेही मराठीत लिहिणाऱ्यांच्याच ऑर्डरी अडत असतील तर किल्ली बदलत बसू नका, आधी बाइट्स मोजा.