लुंबिनी ते काठमांडू : सहकुटुंब सडकेने

परदेशप्रवास म्हटला की आपल्या घरांत विमानाची तिकिटे, पासपोर्ट आणि लाखाचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो आणि विषय तेथेच संपतो. परंतु एक परदेश असा आहे की ज्याची वेस रेल्वे आणि जीपने गाठता येते, जेथे भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही आणि जेथे तथागतांचा जन्म झाला. तो देश म्हणजे नेपाळ. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर महिनाभरातच, प्रकृती ढासळलेली असतानाही, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. तेथे २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. बाबासाहेबांचा हा अखेरचा परदेश दौरा ठरला.

आमच्या वस्तीतील तीन कुटुंबांनी, लहानथोर मिळून अकरा जणांनी, दिवाळीच्या सुट्टीत हा प्रवास केला. विहारात भेटणारे बांधव त्याची आखणी विचारतात, म्हणून हे लिहीत आहोत.

घाई हाच खरा धोका

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीकाठी कोसळली. पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातील होती. त्याच पावसाळ्यात, १२ जुलैला, नारायणघाट–मुगलिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. हे कोणाला भिववण्यासाठी सांगत नाही. पण ‘पाच दिवसांत सर्व नेपाळ’ अशी सहल निवडताना हे ध्यानात असावे.

म्हणून आम्ही चार नियम केले. जून ते सप्टेंबर जायचे नाही. अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवायची नाही. एका दिवसात सहा तासांपेक्षा जास्त प्रवास नाही. आणि दरडीमुळे रस्ता बंद झाला तर हाताशी असावा म्हणून एक दिवस मोकळा ठेवायचा. आपल्याकडे दीडशे किलोमीटर म्हणजे दुपारच्या जेवणाला पोहोचू असे वाटते. नेपाळच्या डोंगरात तेवढ्यालाच पुरा दिवस जातो. तेथे अंतर किलोमीटरात मोजू नये, तासांत मोजावे. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा काळ उत्तम. पाऊस सरलेला असतो, आभाळ धुतल्यासारखे असते आणि आपल्या मुलांना सुट्टी असते. फक्त नेपाळातील दसैंचे दिवस टाळावे, कारण तेव्हा सारा देश गावी निघालेला असतो.

कागदपत्रे आणि गाडी

प्रौढ माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. पंधरा वर्षांखालील मुले व पासष्टीवरील वडीलधारे यांना वय व ओळख पटवणारे फोटोचे दुसरे सरकारी कागदपत्र चालते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचे फोटोसह प्रमाणपत्र घ्यावे. बाबासाहेबांनी ज्या मताधिकारासाठी आयुष्य वेचले, त्या मताचे कार्डच येथे आपल्याला देशाची वेस ओलांडून देते, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले.

भारतीय एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत विचारावे आणि शंभराच्या नोटा भरपूर ठेवाव्या. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे.

मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर गाठावे. तेथून सुनौली सुमारे शंभर किलोमीटर. भारतीय गाडी पलीकडे न्यायची तर दर दिवसाचा भन्सार, म्हणजे जकात, भरावा लागतो. आमच्या मते वेस पायी ओलांडून भैरहव्याला नेपाळी गाडी ठरवावी. त्या चालकाचा रोजचा रस्ता घाटाचा असतो.

रस्ता, दिवसागणिक

पहिले दोन दिवस लुंबिनीचे. आजूबाजूला सपाट तराई, भाताची खाचरे आणि त्यांत जोडीने चरणारे उंच सारस पक्षी. आपल्या गोंदियाकडील बांधवांना ते ओळखीचे वाटतील. सम्राट अशोक राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी येथे स्वतः आला. त्याच्या स्तंभावरील लेखात बुद्धांचा जन्म येथे झाला असे लिहिले आहे. त्याने लुंबिनी गावाला बली हा कर माफ केला आणि पिकातील सरकारचा वाटा एक अष्टमांशावर आणला, असेही त्यात लिहिले आहे. थोर पुरुषाच्या जन्मगावी राजाने शेतकऱ्याचा भार हलका केला. आमच्या मते वंदन असे असावे. दुसऱ्या दिवशी पश्चिमेस तिलौराकोट पाहावे. नेपाळ यालाच शाक्यांचे कपिलवस्तू मानतो. विटांच्या पायांवरून पूर्व दरवाजाकडे चालत जाता येते.

तिसऱ्या दिवशी बुटवल मागे पडले की लगेच डोंगर सुरू होतो. या रस्त्याचे नाव सिद्धार्थ राजमार्ग. भारताच्या मदतीने तो बांधला गेला. सिद्धबाबा या ठिकाणी दरडी पडतात, म्हणून हा पट्टा सकाळीच ओलांडावा. खाली तिनाऊ नदी, वर सरळ कडे. मुक्काम तानसेनला. उतरणीवरचे हे जुने बाजारगाव ढाका कापडासाठी प्रसिद्ध आहे. थंड हवेत, दगडी चढांवर संध्याकाळ घालवावी.

चौथा दिवस सर्वांत देखणा. रस्ता रामदीला कालीगंडकीपर्यंत उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा स्यांग्जाच्या डोंगरात चढतो. पायऱ्यापायऱ्यांची शेते, पिवळे पडलेले भात, उंबऱ्यावर वाळत घातलेला मका. आमच्यातील एका आजींनी एवढा डोंगर खणून वाफे करणाऱ्या हातांना मनोमन जयभीम घातला. पोखऱ्यात दोन मुक्काम करावे. पहाटे ढग नसतील तर फेवा तळ्यात माछापुच्छ्रे शिखर उलटे दिसते. उंची ६,९९३ मीटर. त्यावर चढाईस परवानगी नाही.

सहाव्या दिवशी पोखरा ते काठमांडू हे सुमारे दोनशे किलोमीटर एका दमात करू नये. डुम्रेहून वर बंदीपूर या नेवार गावी थांबावे आणि सकाळी निघावे. रस्तारुंदीची कामे आणि ट्रकांची रांग गृहीत धरावी. काठमांडूत स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप निवांत पाहावे. २०१५ च्या भूकंपात बौद्धनाथचा कळस दुखावला होता, तो पुढच्याच वर्षी दुरुस्त झाला. परतताना चितवनला एक मुक्काम करून सुनौली गाठावी.

खिडकीबाहेर आणखी काही

निसर्ग पाहताना माणूस पाहायचा राहू नये. १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने नेपाळात कामी, दमाई, सार्की या कष्टकरी जातींना अस्पृश्य म्हणून लेखी नोंदवले. म्हणजे लोखंड घडवणारे, कपडे शिवणारे आणि कातडे कमावणारे हात. १९६३ मध्ये तो भेद कायद्यातून गेला आणि २०११ मध्ये अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा आला. तरी २०२० साली पश्चिम रुकुममध्ये परजातीतील मुलीवर प्रेम करणाऱ्या दलित तरुणासह सहा जणांचा जीव गेला. बुद्धांच्या जन्मभूमीतही बुद्धांचे काम शिल्लक आहे, हे मुलांना कळले पाहिजे.

शेवटची गोष्ट घरातील. आपल्या सहलींत स्टोव्ह आणि शिधा बरोबर असतो आणि आया-बहिणी तेथेही चूल फुंकतात. आम्ही स्टोव्ह नेला नाही. रस्त्यावरच्या भोजनालयात डाळ, भात, तरकारी पोटभर मिळते. भात आणि डाळ पुन्हा वाढतात. त्यामुळे खिडकीजवळची जागा बायकांना मिळाली. मोठ्या मुलांनी हिशोब लिहिला, लहानांनी नद्यांची नावे लिहिली.

बांधवांनो, वर्षभर दरमहा थोडे बाजूला टाका, तीन-चार कुटुंबे मिळून गाडी ठरवा, आणि दिवस कमी पडत असतील तर ठिकाणे गाळा, झोप गाळू नका. जितके निघालात तितके सारे सुखरूप परत आलात, तरच प्रवास चांगला झाला म्हणायचा.

जयभीम! नमो बुद्धाय!